'कर्कश' हा शब्द मुळात कानाचा की हाताचा?

मुद्रितवाचक:

एका व्यक्तिचित्राची मुद्रिते तपासताना पुढील वाक्य समोर आले: 'सरांचा आवाज मऊ होता, पण त्यांचे वागणे कर्कश होते.' मी 'कर्कश' या शब्दाखाली रेघ ओढून समासात लिहिले की हे विशेषण आवाजाला लागते, वागण्याला नाही. लेखकाने ते मान्य केले नाही. कोशात 'कठोर, निष्ठुर' असेही अर्थ दिलेले आहेत आणि संस्कृतात हा शब्द स्वभावालाही लावला जातो, असे त्यांचे म्हणणे आहे. माझा कान मात्र अडतो. 'कर्कश भोंगा', 'कर्कश किंकाळी', 'कर्कश ओरडणे' हे सगळे मी सहज वाचतो, पण 'कर्कश वागणे' वाचताना ठेच लागते.

म्हणून येथील जाणकारांना विचारतो. या शब्दाचा मूळ अर्थ कोणता? तो 'करकर' या आवाजावरून, म्हणजे ध्वनीच्या अनुकरणातून आला आहे काय? 'कर्क' म्हणजे खेकडा, त्याच्याशी याचा काही संबंध आहे काय? आणि शेवटी, आजच्या मराठीत हे वाक्य ठेवावे की बदलावे?

जुनी दौत:

आपले लेखक इतिहासाच्या बाजूने बरोबर आहेत, किंबहुना त्यांना वाटते त्याहूनही अधिक बरोबर आहेत. संस्कृतात 'कर्कश' हा प्रथम स्पर्शाचा शब्द आहे. त्याचा अर्थ खरखरीत, टणक, हात फिरवला असता अडखळायला लावणारा असा आहे.

कालिदासाच्या 'कुमारसंभवा'त हा शब्द दोन ठिकाणी फार नेमका आला आहे. पहिल्या सर्गात पार्वतीच्या मांड्यांना हत्तीच्या सोंडेची आणि केळीच्या खांबाची उपमा का देता येत नाही हे सांगताना कवी म्हणतो की सोंडेची कातडी कर्कश असते आणि केळीचे खांब सदैव थंडगार असतात. तिसऱ्या सर्गात मदन कामगिरीवर निघतो तेव्हा इंद्र त्याला हाताने स्पर्श करतो, आणि त्या हाताला कवीने 'ऐरावतास्फालनकर्कश' असे विशेषण दिले आहे. ऐरावताला थोपटून थोपटून ज्याच्या तळव्याला घट्टे पडले आहेत, तो हात. देवांच्या राजाचा हात खरखरीत आहे आणि तो खरखरीत का झाला याचे कारण त्याच समासात बसवलेले आहे. येथे आवाजाचा काडीमात्र संबंध नाही.

शास्त्रग्रंथही हेच सांगतात. आयुर्वेदातील गुरु-लघु, शीत-उष्ण अशा गुणांच्या जोड्यांत गुळगुळीतपणाला 'श्लक्ष्ण' म्हणतात. त्याच्या विरुद्ध गुणाला चरकसंहितेत 'खर' म्हटले आहे, तर सुश्रुतसंहितेत त्याच जागी 'कर्कश' हा शब्द येतो. बौद्धांच्या 'अभिधर्मकोशा'त स्पर्शाने कळणाऱ्या गोष्टी मोजल्या आहेत, त्यांत श्लक्ष्णत्वाच्या शेजारी कर्कशत्व आहे. जैन परंपरेत स्पर्शाचे आठ प्रकार मानतात, त्यांतही कर्कश आहे आणि त्याचा जोडीदार मृदू. परस्परांशी वाद घालणाऱ्या परंपरा एका शब्दाचे स्थान त्वचेवर आहे याबद्दल एकमताच्या आहेत, हे मला पुरेसे बोलके वाटते.

अमरकोशाच्या नानार्थवर्गात, म्हणजे अनेक अर्थांच्या शब्दांच्या विभागात, या शब्दाचे अर्थ साहसिक, कठोर आणि अमसृण (गुळगुळीत नसलेला) असे दिले आहेत. त्यातही आवाज नाही. 'साहसिक' मात्र आहे, म्हणजे आगापीछा न पाहता अंगावर धावून जाणारा. तेव्हा वागण्याला 'कर्कश' म्हणण्याची सोय जुनी आहे, ती आपल्या लेखकांनी काढलेली नाही.

खेकड्याविषयी. संस्कृतात 'कर्क' आणि 'कर्कट' म्हणजे खेकडा, 'कर्कर' म्हणजे टणक, तसेच दगड किंवा खडा. हिंदीतील 'कंकर' हा या 'कर्कर'चाच वंशज. खेकड्याचे कवच आणि खडा यांच्यात टणकपणा समान असल्यामुळे हे शब्द एकाच कुळातले असावेत असे मानण्याकडे कल आहे. ग्रीकमध्ये खेकड्याला 'कार्किनोस' आणि लॅटिनमध्ये 'कान्सेर' म्हणतात, तेही याच गोतातले मानले जातात. आपला 'कर्करोग' हा शब्द त्या ग्रीक-लॅटिन नावावर बेतलेला असल्याने तो या घराण्यात मागच्या दाराने आला, एवढेच. शेवटच्या 'श' विषयी सांगायचे तर 'लोमन्'पासून 'लोमश' (केसाळ) होतो तसा हा प्रत्यय पाणिनीने ५.२.१०० या सूत्रात सांगितला आहे, आणि त्या धर्तीवर 'कर्क' अधिक 'श' अशी फोड करता येते.

तिरपी रेघ:

'जुनी दौत' यांचे उत्तर वाचनीय आहे, परंतु ते प्रश्नाच्या शेवटच्या भागाला लागू पडत नाही. शब्द कोठून आला यावरून तो आज कोठे वापरावा हे ठरत नाही. 'साहस' हा शब्द जुन्या धर्मशास्त्रात दरोडा, खून, बलात्कार अशा गुन्ह्यांसाठी होता, म्हणून आज गिर्यारोहकाच्या साहसाचे कौतुक करणाऱ्याला कोणी अडवत नाही. मराठी वाचक मराठी वाचतो, त्याच्या मांडीवर अमरकोश उघडलेला नसतो.

मराठीने या शब्दाचे काय केले ते पाहू. आज तो जवळजवळ केवळ आवाजाला लागतो, आणि तोही कोणत्याही वाईट आवाजाला नाही. घसा बसलेल्या माणसाचा आवाज घोगरा असतो, जाड आणि बेसूर आवाज भसाडा असतो, ताण दिल्यावर फाटणारा आवाज चिरका असतो, नाकातून येणारा आवाज गेंगाणा असतो. यांपैकी एकालाही आपण 'कर्कश' म्हणणार नाही. 'कर्कश' म्हणण्यासाठी आवाज चढा लागतो, मोठा लागतो आणि कानात घुसणारा लागतो. इतकी नेमकी जागा मिळालेल्या शब्दाला पुन्हा 'कठोर'च्या ढोबळ अर्थाकडे ढकलणे म्हणजे धार लावलेल्या सुरीने खिळा ठोकणे होय.

शिवाय या वाक्यात एक खास अडचण आहे. लेखकाने 'आवाज मऊ' असे म्हणून वाचकाचा कान जागा केला आणि लगेच 'कर्कश' लिहिले. वाचक तो शब्द आवाजाशीच जोडणार, मग 'वागणे' हा शब्द आडवा येणार. हेच विशेषण दोन पाने पुढे आले असते तर कदाचित एवढे खुपले नसते.

नादलहरी:

माझा अभ्यास ध्वनिशास्त्राचा आहे, त्यामुळे व्युत्पत्तीवर बोलत नाही. परंतु स्पर्शाचा शब्द आवाजाकडे का सरकला असावा, याला कानाच्या रचनेत आधार आहे, आणि तो या चर्चेत यावा असे वाटते.

जवळजवळ सारख्या उंचीचे दोन स्वर एकत्र वाजवले की आवाज लहान-मोठा होत राहतो. वाद्य जुळवणाऱ्यांना ही 'डोलणारी' लाट चांगली ओळखीची असते. हे चढउतार सेकंदाला दोन-चार असतील तर कान ते वेगवेगळे मोजू शकतो. साधारण 20 च्या पुढे गेले की मोजणे संपते आणि आवाजाला खरखरीतपणा येतो. हा खरखरीतपणा सेकंदाला सुमारे 70 चढउतारांच्या आसपास सर्वाधिक जाणवतो आणि त्यापुढे हळूहळू विरून जातो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी 1863 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सुरांच्या विसंवादाचे मूळ याच खरखरीत लाटांमध्ये शोधले होते. म्हणजे खडबडीत भिंतीवरून बोट फिरवताना उंचवटे जसे एकामागून एक बोटाला लागतात, तसेच आवाजाचे उंचवटे कानाला लागतात. ही नुसती अलंकारिक भाषा नाही, कारण दोन्ही ठिकाणी मज्जासंस्थेकडे वेगाने पुनरावृत्त होणारे धक्केच पोहोचत असतात.

या गुणाचे मोजमाप करण्यासाठी जे एकक ठरवले गेले त्याचे नाव 'ॲस्पर' आहे. 1000 हर्ट्झचा, 60 डेसिबलचा स्वर सेकंदाला 70 वेळा पूर्णपणे चढवला-उतरवला की त्याचा खरखरीतपणा 1 ॲस्पर मानतात. 'ॲस्पर' हा लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ खडबडीत असाच आहे. वैद्यकातही हेच घडले आहे: श्वासनलिकेला 'ट्रॅकिया' म्हणतात, ते ग्रीकमधील 'खडबडीत' या अर्थाच्या विशेषणावरून, कारण तिच्यावर कूर्चेच्या कड्यांचे उंचवटे असतात.

किंकाळीच्या बाबतीत 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की साध्या बोलण्यात फारसे न आढळणारे, सेकंदाला सुमारे 30 ते 150 या पट्ट्यातले चढउतार किंकाळीत ठासून भरलेले असतात. धोक्याच्या भोंग्यांमध्येही तेच सापडतात. दचकवणे हेच त्यांचे काम असल्याने ते तसे असणे योग्यच आहे.

मात्र 'तिरपी रेघ' यांचे निरीक्षण मला महत्त्वाचे वाटते, कारण ते शास्त्रातील व्याख्येशी जुळत नाही आणि तरीही खरे आहे. मोजमापाच्या दृष्टीने घोगरा किंवा भसाडा आवाज हाच खरखरीत ठरेल. मराठीतील 'कर्कश' मध्ये त्या खरखरीतपणाखेरीज चढेपणाही लागतो. माणसाचा कान 2000 ते 4000 हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वाधिक तीक्ष्ण असतो आणि फळ्यावर नख ओढल्याचा आवाज नकोसा करण्यात याच पट्ट्याचा मोठा वाटा असतो. म्हणून 'खरखरीत' आणि 'कर्कश' या दोन शब्दांत मराठीने दोन वेगळे अनुभव वाटून घेतले आहेत असे मी म्हणेन. 'खरखरीत' शब्दाने हाताशी असलेले नाते आजही सोडलेले नाही, तो हातालाही चालतो आणि घशालाही. 'कर्कश' ने ते सोडले.

मुद्रितवाचक:

सर्वांचे आभार. दोन गोष्टी पुन्हा विचारतो. स्पर्शाकडून हा शब्द थेट आवाजाकडे गेला, की मध्ये आणखी एखादा टप्पा होता? दुसरे असे की 'कर्कश' नको असेल तर जवळचा पर्याय म्हणून 'परुष' चालेल काय? लेखकाला संस्कृत शब्दच हवा असा त्यांचा सूर दिसतो.

जुनी दौत:

मधला टप्पा निश्चित होता, आणि तो बोलण्याचा होता. आवाजाचा पोत नव्हे, तर शब्दांचा परिणाम. पाली भाषेत हा शब्द 'कक्कस' असा येतो. मज्झिमनिकाय या बौद्ध सुत्तसंग्रहातील सालेय्यक सुत्तात कठोर बोलणाऱ्याचे वर्णन करताना त्याची वाणी 'अण्डका कक्कसा परकटुका' असल्याचे म्हटले आहे, म्हणजे गाठाळ, खरखरीत आणि दुसऱ्याला कडू लागणारी. धम्मपदाच्या शेवटच्या वर्गात याचे उलट रूप आहे: जो 'अकक्कस', अर्थ कळवणारी, सत्य वाणी बोलतो आणि जिच्यामुळे कोणी दुखावले जात नाही, त्याला ब्राह्मण म्हणावे. येथे कोणी ओरडते आहे असे नाही. अगदी हळू आवाजातही 'कक्कस' बोलता येते. आपल्या व्यक्तिचित्रातील सर नेमके तसेच बोलत असावेत.

मराठीतील क्रियापदे तपासली तर बोलण्याचा हा त्वचेशी असलेला संबंध आपणही तोडलेला नाही हे दिसते. शब्द लागतात, बोचतात, टोचतात, झोंबतात, खुपतात. 'लागट बोलणे' या प्रयोगात तर काय लागले आणि कोठे लागले हे सांगण्याचीही गरज पडत नाही.

तर्कालाही 'कर्कश' म्हणण्याची प्रथा होती, आणि ती निंदा नव्हती. 'प्रसन्नराघव' नाटकाचा कर्ता जयदेव हा कवी होता तसाच तार्किकही होता. प्रस्तावनेत तो विचारतो की ज्यांची वाणी कोमल काव्यात रमते त्यांनी कर्कश तर्काची वाकडी वचने उच्चारली तर बिघडले कुठे? हे मी केवळ आनंदासाठी सांगतो आहे, आपल्या वाक्याला त्याचा उपयोग नाही.

'परुष' बद्दल मात्र सविस्तर सांगावे लागेल. 'परुस्' म्हणजे वेताचे किंवा गवताच्या काडीचे पेर, सांधा. त्यावरून 'परुष' म्हणजे आधी गाठाळ, मग खडबडीत, मग कठोर. ऋग्वेदात 'परुष्णी' नावाची नदी आहे, ती आजची रावी. म्हणजे 'कर्कश' प्रमाणेच हाही शब्द हाताला लागणाऱ्या गाठीपासून निघाला. पण पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. 'परुष' कचेरीत गेला. 'वाक्पारुष्य' हे जुन्या कायद्यातील वादाचे एक स्वतंत्र प्रकरण असून कौटिल्याने अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात त्याला एक अध्याय दिला आहे. व्यंग काढणे, हीन लेखणे आणि धमकावणे असे त्याचे तीन प्रकार तो सांगतो. एखाद्या काण्याला किंवा लंगड्याला तसे म्हटले आणि ते खरे असेल तर दंड 3 पण ('पण' हे तेव्हाचे नाणे), खोटे असेल तर 6 पण. आणि काण्याला उपहासाने 'काय सुंदर डोळे आहेत' असे म्हटले तर 12 पण. गोड शब्दांतल्या टोमण्याला उघड अपमानाच्या चौपट दंड लावणारा हा माणूस भाषा फार बारकाईने ऐकत असला पाहिजे.

गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीत दंभ, दर्प, अभिमान आणि क्रोध यांच्यानंतर 'पारुष्य' येते ते याच अर्थाने. म्हणून वागण्याला शब्द हवा असेल तर अर्थाच्या दृष्टीने 'परुष' हा 'कर्कश' हून अधिक योग्य आहे.

तिरपी रेघ:

अर्थाच्या दृष्टीने योग्य आणि वाचकाच्या दृष्टीने निरुपयोगी. 'त्यांचे वागणे परुष होते' हे वाक्य शंभरातील बहुतेक वाचक 'पुरुष' असे वाचतील आणि मुद्रितशोधकाला दोष देतील.

ओसरी:

एवढ्या चर्चेत एक गोष्ट कोणी काढली नाही याचे मला आश्चर्य वाटते. हे विशेषण लागते कोणाला? यंत्रे आणि कावळे वगळले तर मराठी लेखनात 'कर्कश' आवाज बहुतेक वेळा बाईचा असतो. पुरुषाचा तसाच मोठा, तसाच चढा आवाज 'खडा', 'खणखणीत', 'पहाडी' किंवा फार तर 'करडा' असतो. हे सर्व शब्द कौतुकाच्या बाजूला झुकलेले आहेत. संस्कृत-हिंदीत 'कर्कशा' हे तर सरळ भांडखोर बाईचे नावच झाले. 'कर्कश' नावाचा पुरुष मात्र कोणत्या कोशात दिसत नाही.

याला 'नादलहरी' यांनी सांगितलेले थोडे कारण असेल. स्त्रियांचा आवाज मुळात उंच, त्यामुळे जोर लावताच तो कानाच्या तीक्ष्ण पट्ट्यात लवकर शिरत असेल. परंतु तेवढ्यावर भागत नाही. 'ती कर्कश आवाजात म्हणाली' असे लिहिणारा लेखक अनेकदा आवाजाचे वर्णन करत नसतो, तिने बोलायलाच नको होते असे त्याला सुचवायचे असते. म्हणजे शब्द आवाजाचा, निवाडा मात्र वागण्याचा. मूळ प्रश्नातील लेखकाने तो निवाडा एका पुरुषाच्या वागण्यावर उघडपणे लिहिला, हे मला तरी बरे वाटले.

नादलहरी:

हे पटते. एक भर घालतो: आवाजाच्या तपासणीत तज्ज्ञ खरखरीतपणा, श्वासाची गळती, अशक्तपणा आणि ताण यांची वेगवेगळी नोंद करतात. या नोंदीत 'कर्कश' असे खाते नाही. तो शब्द ऐकणाऱ्याची नापसंती आधीच आत घेऊन येतो, म्हणून मोजमापाला निकामी आणि कादंबरीला फार उपयोगी.

तिरपी रेघ:

आता मूळ वाक्याकडे यावे. हे सर वर्गात नेमके काय करतात ते कळले तर शब्द सुचवता येईल. कडक असतील तर 'करडे' हा शब्द तयारच आहे. तो नजरेला, आवाजाला, शिस्तीला आणि एकूण माणसालाही चालतो. तोडून बोलणारे असतील तर 'फटकळ'. जवळ येऊच न देणारे असतील तर 'तुसडे'. दांडगाई करणारे असतील तर 'आडदांड' किंवा 'धसमुसळे', पण मऊ आवाजाच्या माणसाला ते शोभणार नाही. 'कर्कश' या एका शब्दात यातले काहीच धड सांगितले जात नाही.

मुद्रितवाचक:

पुढच्याच परिच्छेदात एक प्रसंग आहे. मुलगा निबंधाची वही घेऊन टेबलाजवळ उभा राहतो. सर मान वर न करता वही घेतात, पहिले पानही न उलटता ती त्याच्या पोटाशी परत ढकलतात आणि अगदी हळू आवाजात म्हणतात, 'पुढचा.' या चर्चेतील मुद्दे लेखकाला कळवले. पाली वचनांनी ते सुखावले, कौटिल्याने त्याहून अधिक. 'करडे' त्यांना नको होते, कारण करड्या माणसाला काही नियम असतात आणि या सरांना नव्हते, असे ते म्हणाले. शेवटी 'सरांचा आवाज मऊ होता, पण वागणे तुसडे होते' असे वाक्य ठरले आहे.

जाता जाता शेवटची शंका: त्याच पुस्तकात दुसऱ्या ठिकाणी शाळेची घंटा 'कर्कश्श' वाजते. तेथील जोड-श काढावा काय?

जुनी दौत:

संस्कृतात एकच 'श' आहे आणि प्रमाण लेखनात 'कर्कश' हेच रूप धरावे. 'कर्कश्श' हे मराठी तोंडाने जोर देण्यासाठी केलेले द्वित्त आहे, 'मोठा'चे 'मोठ्ठा' आणि 'किती'चे 'कित्ती' करतो तसे. निवेदनात असेल तर काढा. एखाद्या मुलाच्या तोंडच्या वाक्यात असेल तर राहू द्या.